कांद्याच्या वावरातला गोल्फ

मी गोल्फ खेळतो, हे मला माझ्या मुलीच्या पाहण्याच्या कार्यक्रमात समजलं.

मुलाचे वडील निवृत्त कर्नल. त्यांनी विचारलं, "गोल्फ खेळता का?" माझ्या तोंडात पोहे होते, म्हणून नुसती मान हलवली. (नकारार्थी. पण आमच्या घराण्यात होकार-नकार दोन्ही एकाच दिशेनं हलतात.)

"वा. मग एकदा तुमच्या मैदानावर खेळू. बाकीचं नंतर ठरवू."

मुलीनं माझ्याकडं असं पाहिलं, की खरं सांगायचं राहूनच गेलं.

क्रांती चौकामागं आमच्या घरापुढं स्कूटर लावायला जागा नाही, मैदान कुठून आणू? वैजापूरजवळ थोरल्या भावाचं शेत आहे. कांदा नुकताच काढला होता. दादाला फोन केला, "एक खड्डा कर. चेंडू जाईल एवढा."

"खोल किती?"

"चांगला कर. पाहुणे मोठे आहेत."

रविवारी कर्नलसाहेब पांढरी टोपी घालून, काठ्यांची पिशवी घेऊन हजर. "आधी तुम्ही." मी डोळे मिटून काठी फिरवली. ती हातातून सुटून शेजारच्या मक्यात गेली.

बांधावरून वहिनी म्हणाल्या, "भावजी, चेंडू हितंच हाय."

मग कर्नलसाहेबांनी मारला. चेंडू उडाला, ढेकळावर आपटून वळला आणि थेट खड्ड्यात गडप! ते धावले, पालथे पडले, हात आत घातला. खांद्यापर्यंत गेला, पण बाहेर येईना. दादानं पहारीनं कुंपणाच्या खांबाचा खड्डा केला होता. अरुंद आणि हातभर खोल.

"साहेब, मूठ सोडा," दादा म्हणाला.

"चेंडू सोडणार नाही."

"अवो, लई अडकलाय हात."

"नाही म्हणजे नाही."

शेवटी वहिनींनी कळशीभर पाणी ओतलं. माती भिजली, हात सुटला. कर्नलसाहेब उठले ते कानापर्यंत काळे. मी मनातल्या मनात लग्न मोडून मोकळा झालो.

त्यांनी चेंडू सदऱ्याला पुसला. मग तो कपाळाला लावला. "आयुष्यभर खेळलो. एका फटक्यात खड्ड्यात आज पहिल्यांदा गेला. पाहुणे, लग्न पक्कं."

लग्नात त्यांनी मला काठ्यांची अख्खी पिशवी आहेर केली. सध्या मी त्या काठ्यांनी छताची जळमटं काढतो. बायको म्हणते, त्यातही माझा नेम चुकतो.