तोंड झाक, चाल बग

पडद्यावरच्या माणसाच्या तोंडावर काका सरळ आपला तळहात ठेवायचे. "तोंड झाक, बाय, चाल बग." त्यांच्या बोटांचे ठसे मी रोज पुसायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे.

खारघरच्या एका मॉलमध्ये, कॅमेऱ्यांच्या खोलीत ते सुरक्षारक्षक होते. जवळच्याच बेलपाडा गावचे, साठीला टेकलेले. मी नवी इंजिनिअर. एका कॅमेऱ्यात दिसलेला माणूस दुसऱ्या कॅमेऱ्यात ओळखून त्याला तोच नंबर द्यायचा, हे मला संगणकाला शिकवायचं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं निळ्या गणवेशातल्या सहाही रक्षकांना मिळून एकच नंबर दिला.

काका गंभीरपणे म्हणाले, "मंग एक जेवला की सगल्यांचा पोट भरला!"

सगळी खोली हसली. आता तुम्हीच सांगा, चार वर्षं शिकून आलेल्या मुलीला राग येणार नाही का?

एका रविवारी दुपारी पनवेलचा एक तरुण धापा टाकत वर आला. सुट्टीवर दुबईहून आलेला. "मॅडम, अब्बा हरवलेत. त्यांना काही आठवत नाही, घरचा पत्तासुद्धा नाही." बाहेर तर हायवे. दारातल्या कॅमेऱ्यात अब्बा सापडले, पांढऱ्या सदऱ्यात. मी संगणकाला कामाला लावलं. त्यानं अकरा पांढरे सदरे काढून दिले. त्यांत अब्बा नव्हते.

काकांनी पडद्यावरच्या तोंडावर हात ठेवून अब्बांना तीनदा चालताना बघितलं. मग एकेक कॅमेरा. "यो बग. डावी टाच घासतो." काळ्या जाकिटातला एक माणूस मागच्या दारानं बाहेर पडत होता.

"माझं जाकीट!" तरुण ओरडला. एसीत वडिलांना थंडी वाजली म्हणून त्यानंच ते त्यांना घातलं होतं, आणि घाबरून सांगायलाच विसरला होता.

अब्बा हायवेच्या कडेला सापडले, रस्ता ओलांडायच्या बेतात. मुलगा काकांचे हात डोळ्यांना लावून रडला.

"तुम्हाला कसं जमतं हे?" मी विचारलं.

"आमी मिठागरातली मानसं. उनात मिठाकडं बगून डोले दिपायचे. बांधावरनं आय भाकर घेऊन येते का मुकादम येतो, चालीवरनंच वलखायचं." मिठाच्या पाट्या वाहून त्यांचा स्वतःचा डावा खांदा कायमचा झुकला होता. त्या दिवसापासून मी ठसे पुसणं सोडलं आणि चाल बघायला शिकू लागले.

पुढे काकांना अर्धांगवायूचा झटका आला, नोकरी सुटली. काही महिन्यांनी एक म्हातारा काठी टेकत, उजवा पाय ओढत पडद्यावर आला. संगणकानं त्याला नवा नंबर दिला. माझी नजरही पुढे गेली. तेवढ्यात तो कॅमेऱ्याखाली थांबला, त्यानं वर बघितलं आणि स्वतःच्या तोंडावर तळहात ठेवला.

मी जिने उतरून धावत गेले.

"वलखलंस, बाय?" त्यांची जीभ जड झाली होती.

"चालीवरूनच ओळखलं, काका." मी धडधडीत खोटं बोलले. त्यांचा चेहरा असा फुलला की मला रडू आवरेना.

ते गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी ते चित्रण पुन्हा काढलं आणि पडद्यावर त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पाय अनोळखी होता, पण डावा खांदा तसाच झुकत होता, पावलागणिक. तेव्हा मला तो दिसला नव्हता. मी नवा नंबर खोडला आणि त्यांचा नोकरीत असतानाचा जुना लावला.