वलगावात अडवलेली शववाहिनी

आमचे हे, चंद्रभान, अमरावतीत शववाहिनी चालवतेत. लग्नात आमच्या यायच्या बाजूले कोणी जेवाले बसत नाई, अन् घरी मयत झाली की यायलेच फोन. मले लय राग येते बाप्पा! पण यायले राग येत नाई.

नियमाले मात्र पक्के. पोलिसांचा कागद पाह्यल्याशिवाय गाडी हालत नाई, अन् कागदावर जे गाव, तिथंच मयत उतरते. मधात कोणी कितीबी हातपाय जोडो.

त्या दिवशी रागिणीले परतवाड्याले न्याचं होतं, तिच्या सासरी. वांग्याच्या वाफ्यात साप चावला होता पोरीले. चिरफाड झाली, पांढऱ्या कपड्यात बांधून दिली. नवरा सरणाच्या तयारीले पुढं गेला. गाडीत सासरे भगवंतराव बसले.

"वलगावात थांबू नका," ते म्हणे. "तिचं माहेर आहे. आमीच दवाखान्यात न्याले उशीर केला म्हणतेत. मारतीन आमाले."

वलगावात तिची माय पार्बताबाई रस्त्याच्या मधातच उभी. हातात हिरवं लुगडं. आमच्याकडं सवाशीन गेली की माहेरचं लुगडं अंगावर पडाच लागते. मागं भाऊबंद ओरडून राह्यले, "उतरवा पोरीले! अंगणात ठेवू. मंग पाहू हे कसे नेतेत!"

हे खाली उतरले. "इथं उतरवता येत नाई, मामी. भांडण झालं तं पोलीस येतीन, पोरगी पुन्हा दवाखान्यात जाईन. अजून किती हाल कराचे तिचे?"

भाऊबंद मागं सरले. पार्बताबाई म्हणे, "मंग मले घे न आत."

"जागा नाई!" भगवंतराव आतूनच ओरडले.

आता मात्र यायचं डोकं फिरलं. "जागा नसन तं तुमी उतरा! मायले घेऊ नये असं माह्या कागदात कुठं लिहिलं नाई."

भगवंतराव उतरले. यायले वाटलं, आता भांडतेत. पण त्यायनं मागचं दार सोता उघडलं अन् डोळे पुसत बाजूले झाले.

घरी आल्यावर हे जेवले नाईत. इतक्या वर्षांत कधी रडले नाई, पण हे सांगता सांगता लेकरासारखे रडले. आसेगावच्या अलीकडं यायच्या सीटमागच्या काचेवर टकटक झाली म्हणे. यायनं मान वळवून पाह्यलं. पोरीच्या अंगावर लुगडं नीट पांघरून, तिचं डोकं मांडीवर घेऊन पार्बताबाई बसली होती.

"बाबा, जरा हळू चालव न," ती म्हणे. "इले गाडी लागते."