उभ्या राहणाऱ्या अक्का

"नको, मी उभीच बरी."

समोर आलेली खुर्ची अक्का हाताच्या मागच्या बाजूने हलकेच सरकवायच्या. आमच्या भागातल्या महापालिकेच्या कचेरीत तुम्ही त्या काळात गेला असाल, तर हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. जाडसर चष्मा, काखेत कापडी पिशवी, आणि टेबलासमोर उभी एक बाई.

यशवंतपूरच्या पलीकडचं आमचं गाव बेंगळुरूने केव्हाच गिळलं, पण आम्ही त्याला अजून गावच म्हणतो. गावाच्या मधोमध, बाजाराच्या तोंडाशी, एक बाग होती. म्हणजे नावाला बाग. पडकी भिंत, बांधकामाचा राडारोडा, गुडघाभर गवत आणि एक मोठा पिंपळ. त्यासमोरच अक्कांचं मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, दोरे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. मराठी बोलताना निम्मी कन्नड यायची. मी कारखान्यातून निवृत्त झालेला, रहिवासी समितीचा अध्यक्ष. बागेसाठी सरकारी निधी मागायचा ठरला आणि आम्ही दोघं कचेरीत जाऊ लागलो.

पहिल्याच भेटीत इंजिनिअर म्हणाले, "कूतकोळी, अम्मा." बसा.

"तुमच्याकडे खुर्ची आहे, सर. आमच्या बागेत म्हाताऱ्यांना टेकायला दगड नाही. तिथे जागा होऊ दे, मग बसेन."

मी तोवर बसलोही होतो. परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "अण्णा, खुर्ची मऊ होती का?"

लग्नाकार्यात, बसमध्ये, दुकानात अक्का ऐसपैस बसायच्या. व्रत फक्त सरकारी कचेरीपुरतं होतं. पण समोर पिकल्या केसांची बाई उभी असताना कोणाला कॉफी गोड लागते? शिपाई आधीच वर्दी द्यायचा, "उभ्या राहणाऱ्या अम्मा आल्या." मग आमची फाइल निदान टेबलावर तरी यायची. "गावातल्या इतक्या बायकांना मापात बसवलंय मी," त्या म्हणायच्या, "हे साहेब तर एकटेच आहेत."

एकदा त्यांचे गुडघे सुजले म्हणून मी एकटाच गेलो. इंजिनिअर म्हणाले, पूर्ण बागेला निधी मिळणं अवघड आहे. अर्ध्या जागेत पार्किंग केलं तर उरलेल्या अर्ध्यात बाग होऊ शकेल. हातात कॉफी होती, पंखा चालू होता. मी 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणून मोकळा झालो आणि ही आनंदाची बातमी म्हणून अक्कांना सांगायला गेलो.

त्या अस्तर कापत होत्या. कात्री शेवटपर्यंत नेली, तुकडा घडी करून ठेवला आणि मान वर केली.

"अण्णा, एका बाहीचं ब्लाउज कोण घालतं?"

मी काहीतरी बोलायला गेलो. "स्वल्प गप्प बसा," अक्का म्हणाल्या. "बसायला तुम्हाला जमतं."

दुसऱ्या दिवशी सुजल्या गुडघ्यांनी त्या कचेरीत गेल्या. गावातल्या बायका बरोबर होत्या. बाकं रिकामी असून एकही बसली नाही. मी दाराशी होतो. माझी बसायची हिंमत झाली नाही. जेवणाची वेळ झाली तरी बायका हलेनात. शेवटी इंजिनिअरच खुर्चीतून उठले.

"अम्मा, तुम्ही अशा उभ्या असताना मी कसा जेवू?"

"जेवा की. मग चला आमच्याबरोबर. बाग कागदावर नका बघू."

ते आले. बाजार करून आलेल्या म्हाताऱ्या पिशव्या घेऊन दुकानांच्या पायऱ्यांवर टेकल्या होत्या आणि दुकानदार त्यांना उठवत होते. इंजिनिअर बराच वेळ पिंपळाखाली उभे राहिले. "इथे पार्किंग नको," एवढंच म्हणाले. पूर्ण बागेचा प्रस्ताव त्यांनी वर पाठवला, मागे लागून मंजूरही करून घेतला.

बाग झाली. उद्घाटनाला मंचावर मी होतो, गळ्यात हार होता, आणि 'अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांमुळे' असं भाषणात ऐकून मी हात जोडले. दगडावर माझं नाव आहे. मुलं मला 'पार्क अण्णा' म्हणतात. त्या हाकेला मी इतकी वर्षं ओ देत आलो. आता अक्का नाहीत, त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि खरं सांगू शकणारा मीच उरलो आहे. म्हणून लिहितो: मी अर्धी बाग देऊन आलो होतो. पुरी बाग अक्कांची आहे.

त्या संध्याकाळी भाषणं संपल्यावर मी त्यांना शोधत गेलो. त्या दिव्याच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. एकही बाक रिकामं नव्हतं. मी मंचावरची माझी खुर्ची उचलून आणली.

"ती तुमची, अण्णा. मला बाक हवं."

"मग कोणाला उठवू का?"

"छे हो! बघा तरी, टेकायला जागा नाही!" दुकानात नवा माल उलगडून दाखवताना त्यांचा चेहरा जसा फुलायचा, तसा फुलला होता.

अंधार पडता पडता पिंपळाखालची एक म्हातारी नातवाला घेऊन उठली. अक्का सावकाश गेल्या. चपला काढल्या, पिशवी शेजारी ठेवली, दोन्ही गुडघे धरून बाकावर बसल्या आणि पाठ टेकली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"आता उठवा बघू मला कोणी!"