मोजून सारखं

मेहुण्याने मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून दोन माणसांची, बिनछपराची मोटार घेतली होती. एका रविवारी तिच्यातून आम्ही दोघे ठाण्याहून कल्याणला त्याच्यासाठी मुलगी पाहायला निघालो. शीळफाट्यापर्यंत इंजिन ठसकत, थरथरत कसंबसं चाललं.

"भाऊजी, चारला पोचायचंय!" मेहुणा रडकुंडीला आला.

दोष माझाच होता. आदल्या दिवशी पुस्तकात पाहून मी इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणाऱ्या दोन्ही कार्बुरेटरचे स्क्रू मोजून अडीच-अडीच आटे फिरवले होते.

फाट्यावर ट्रक दुरुस्त करणारा एक आगरी माणूस होता. त्याने आधी हात स्वच्छ पुसले, मगच बॉनेट उघडलं. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बुरेटरच्या तोंडाशी धरलं, आणि डोळे मिटले.

"एक भाऊ पोटभर श्वास घेतोय, दुसरा उपाशी. कुनी केलं ह्ये?"

"मी. दोन्ही अगदी सारखे ठेवलेत."

"आटं सारखं झालं, दादा. श्वास नाय झाला."

तो स्क्रू केसभर फिरवी, ऐकत राही, पुन्हा फिरवी. इतकं सावकाश, मन लावून केलेलं काम मी क्वचितच पाहिलं आहे. हळूहळू इंजिन एका सुरात चालू लागलं. मी वही काढली.

"किती आटे फिरवलेत?"

"मोजलं नाय. आयकलं." त्याने नळी माझ्या कानाला लावली.

चारला पाच कमी असताना आम्ही कल्याणात पोचलो. चहा झाल्यावर मुलीच्या वडिलांनी दोन्ही पत्रिका मांडल्या आणि गुण मोजायला माझ्याकडे सरकवल्या.

मी म्हणालो, "आधी दोघांना जरा बोलू द्या."