सोललेले वाल आणि पेन्सिलीच्या फुल्या

मीटरकाका भुताखेतांच्या कादंबऱ्या लिहायचे, पण भर दुपारी. एक ते तीन. ठाकुर्लीतल्या त्यांच्या इमारतीत त्या वेळी जिन्यावर चिटपाखरू नसायचं. जेवणाच्या टेबलाशी ते दाराकडे पाठ करून बसत आणि दार मात्र सताड उघडं ठेवत. एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, दार तरी लावा."

"लावलं तर येणारा बाहेरच राहील ना रे."

मी मोठ्याने हसलो, आणि मग निघेपर्यंत चार वेळा मागे वळून पाहिलं.

माझं डोंबिवलीत टायपिंगचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वधूवरांची माहितीपत्रकं, भाडेकरार, असला माल. काकांची कादंबरी घ्यायला कुठलाच प्रकाशक तयार नव्हता, म्हणून त्यांनी ती स्वतःच छापायची ठरवली आणि हाताने लिहिलेला गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवला. तेव्हापासून मला नाव उरलं नाही. ते मला 'टायपिस्ट' म्हणत. त्यांनाही नाव नव्हतंच म्हणा. वीज खात्यात उभा जन्म डोंबिवलीपासून शहाडपर्यंत जिने चढून मीटरचे आकडे टिपण्यात गेलेला, म्हणून सगळ्यांचे मीटरकाका.

त्यांच्या साऱ्या गोष्टी त्या जिन्यांवरच सापडलेल्या. "कुलूप लावलेल्या घराचा मीटर थांबलेला असला की मी पुढे जायचो," ते सांगत. "फिरत असला की दाराला कान लावायचो."

"फ्रिज चालू राहिला असेल, काका."

"फ्रिज दाराला आतून कान लावतो का रे? श्वास ऐकू यायचा. माझ्याइतकाच जपून घेतलेला."

भूत लिहायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. "दाराबाहेर चपलेचा एक जास्तीचा जोड लिहायचा आणि गप्प बसायचं." हे ऐकल्यापासून मी माजिवड्याला घरी पोचलो की आधी दाराबाहेरच्या चपला मोजतो. एकदा खरंच एक जोड जास्त निघाला. पंधरा मिनिटं जिन्यात घाम पुसत उभा होतो. शेवटी बायकोने दार उघडलं आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "माझ्या स्लिपर घालून दुकानात गेलेलास?" जास्तीचा जोड माझाच होता.

पण काकांचं खरं यंत्र म्हणजे काकू. लिहिलेलं प्रकरण ते काकूंना वाचून दाखवत. समोरच्या खुर्चीत काकू मोड आलेले वाल सोलत बसलेल्या. दाबला की वाल सालातून सुटून पाण्याच्या पातेल्यात पडायचा, टुपुक. काकूंच्या तोंडून कौतुक कधी निघालं नाही. "मसणातली कामं घरात आणता आणि वर बिरडं मागता," एवढंच. पण वाचता वाचता एखाद्या वाक्याला काकूंचे हात थांबायचे. टुपुक बंद. काका वर न बघता त्या ओळीशेजारी पेन्सिलीने बारीक फुली मारायचे. "तोंड खोटं बोलतं, टायपिस्ट. हात नाही बोलत."

हे त्यांनी मला सांगितलं, पण पहिली कादंबरी छापून झाल्यावर. माझ्या धंद्यात फुली म्हणजे काढून टाका. मी इमानेइतबारे फुली मारलेली प्रत्येक ओळ गाळलेली! तीनशे पानांच्या भयकादंबरीतलं भय तेवढं मी वेचून बाहेर काढलं होतं. वाचकांचे फोन आले, फार घरगुती पुस्तक आहे, सासूबाईंना भेट द्यायला आणखी दोन प्रती हव्यात. मी तोंड लपवत ठाकुर्लीला गेलो. काकूच म्हणाल्या, "अरे, बरं केलंस. पहिल्यांदाच यांचं पुस्तक उशाशी ठेवून झोपले मी." आणि मला बिरडं वाढलं.

चौथी कादंबरी अर्धी झाली आणि काकू गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस्स.

पुढची पानं आली ती कोरी, म्हणजे फुलीवाचून. मग पानं यायचीच थांबली. मी गेलो तर काका टेबलाशी नुसते बसलेले. "लिहितो रे," म्हणाले, "पण लागतंय की नाही तेच कळत नाही. ही पुरी नाही झाली तर तिने ऐकलेली अर्धी तशीच लोंबकळत राहील." मग विचारलं, "तुला वाल सोलता येतात?"

येत नव्हते. तरी दुपारी दुकान बंद ठेवून मी काकूंच्या खुर्चीत बसू लागलो. माझे वाल पातेल्यात कमी आणि भिंतीवर जास्त उडत. वर म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून मी मधून मधून मुद्दाम हात थांबवायचो. आठवडाभर फुल्या पडत गेल्या. एक दिवस काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"टायपिस्ट, तू दर पाचव्या मिनिटाला घाबरतोस. मीटर वाचण्यात जन्म गेलाय माझा."

कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी जावं की नाही या घोळात मला तासभर उशीर झाला. जिना चढताना काकांचा वाचण्याचा आवाज आला. आणि त्यामागे, टुपुक. टुपुक. शेजारीण आली असेल, बरं झालं, असं म्हणून मी शेवटच्या वळणाशी दम घेत थांबलो. टुपुक बंद झालं. काकाही थांबले. पेन्सिल कागदावर करकरली.

आत काका एकटे होते. एका हातात कागद, दुसऱ्यात पेन्सिल, दोन्ही हात कोरडे. पातेल्यात निम्मे वाल सोललेले, एकही तुटलेला नाही.

"कोण आलेलं, काका?"

"तू उशीर केलास," ते म्हणाले. मी खुर्चीकडे वळलो तसे घाईने म्हणाले, "तिथे नको."

मी उभ्याउभ्याच पानं घेतली. दुकानात टाईप करताना प्रत्येक फुलीला पाठीवरून काहीतरी सरकलं. त्या संध्याकाळी एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावामागे मी 'चि.'ऐवजी 'कै.' टाकलं. मुलाचे वडील मारायचे बाकी राहिले.

त्यानंतर वाल सोलायला मला कोणी बोलावलं नाही. पानं मात्र वेळेवर येत राहिली, फुल्यांसकट. शेवटचं प्रकरण काका स्वतः दुकानात घेऊन आले. त्यावर एकही फुली नव्हती.

"हे तिला वाचून दाखवलं नाही," म्हणाले. "ऐकलं की ती निघून जाईल, असं वाटतं. तूच बघ लागतंय का. या वेळी खरं सांग."

टाईप करायला मीच दिवस ढकलत राहिलो, आणि महिन्याभरात काका गेले. खरं काय ते सांगायचं राहून गेलं.

मग एका दुपारी, बायको ऑफिसात असताना, माजिवड्याच्या घरात मी वाल आणि पातेलं घेऊन टेबलाशी बसलो. दार उघडं ठेवलं, त्याच्याकडे पाठ केली आणि ते प्रकरण मोठ्याने वाचू लागलो. आता थोडं जमतं सोलायला. शेवटून तिसरं वाक्य अगदी साधं होतं: 'तो वाचत राहिला आणि ती सोलत राहिली.'

तिथे माझे हात थांबले. खरेच थांबले. टुपुक थांबलं नाही.

वळून न बघता मी त्या ओळीशेजारी फुली मारली. पुस्तक आता छापून झालंय. ती ओळ मी गाळलेली नाही, काका.