रांजणातली तेरा वर्षं

आमच्या भोरच्या घरात, हॉलच्या शोकेसमध्ये, वाइनची एक बाटली तेरा वर्षं उभी होती. एका बाजूला मुलीला मिळालेली वक्तृत्वाची ढाल, दुसऱ्या बाजूला काचेचे दोन बगळे आणि मधोमध ही. वर ट्यूबलाइट. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं की बाटली आतून पेटल्यासारखी दिसायची. मी आल्यागेल्याला हाताला धरून दाखवायचो, "आमच्या धाकट्यानं केलीय, स्वतःच्या हातानं." दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसायचो. गौरी-गणपतीत बायको तिच्यावर रुमाल टाकायची; देवाला कळू नये म्हणून. एखादी वस्तू मी आयुष्यात इतकी नीट सांभाळली नव्हती, आणि ते मी लोकांना सांगायचोही.

धाकटा म्हणजे माझा धाकटा भाऊ. शेतकीचा डिप्लोमा करून तो नाशिककडे एका वायनरीत लागला. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या सालांतून येतो, हे मला त्यानंच सांगितलं. साल रसात जितके दिवस ठेवाल तितकी वाइन तुरट. तिसऱ्या वर्षी त्यानं एका पिंपात सालं नेहमीपेक्षा बरेच दिवस जास्त ठेवली. साहेबांनी चाखली, थुंकली आणि म्हणाले, "ही आत्ता पिता येत नाही, आणि पुढे टिकणार नाही. चार वर्षांत मरेल." धाकटा म्हणाला, टिकेल, नुसती टिकणार नाही तर सुधारेल. पिंपातला माल दुसऱ्या टाकीत मिसळून टाकला गेला. त्याआधी धाकट्यानं तीन बाटल्या हातानं भरल्या, बुचं मारली आणि दिवाळीला घरी आणल्या. लेबल नाही, काही नाही.

पहिली आम्ही दोघांनी गच्चीवर उघडली. मी स्टीलच्या पेल्यात बर्फ टाकला, वर थोडा सोडा घातला. देवळात कुणी चपला घालून शिरावं तसं धाकटा माझ्याकडे बघत राहिला. पण सोडा घालूनसुद्धा ती प्यायली जात नव्हती. लहानपणी आम्ही पैजेवर कच्चा हिरडा चावायचो. जीभ लाकडाची व्हायची, गाल आतून ओढले जायचे. तसंच. रंग जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा, आणि वास म्हणाल तर नुसता द्राक्षाचा, अंगावर येणारा. मी शेवेचे दोन बकाणे भरले आणि म्हणालो, "छान आहे." मोठ्या भावाला खोटं बोलावं लागतं.

उरलेल्या दोनपैकी एक मी ठेवून घेतली. दुसरी हिर्डोशीला आमच्या आक्काला दिली. आक्का आम्हा तिघांत थोरली. ती घेणारी नाही. पण भावानं केलेलं पहिलं काहीतरी, म्हणून पदराखाली झाकून घेऊन गेली.

मग वर्षं गेली. धाकटा त्याच वायनरीत राहिला. पण कामावर स्वतःचं मत सांगणं त्यानं सोडून दिलं. साहेब म्हणतील तितके दिवस सालं, साहेब म्हणतील तेव्हा बाहेर. दिवाळीत विषय निघाला की म्हणायचा, "मी काय, सांगितलेलं करणारा माणूस."

गेल्या नोव्हेंबरात त्याचा फोन आला. एक नवी, लहान वायनरी त्याला बोलावत होती. यंदाची लाल वाइन सगळी तुझ्या पद्धतीनं कर, आम्ही मध्ये पडणार नाही, असं मालक म्हणाले होते. रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"मग हो म्हण ना," मी म्हटलं.

"दादा, माझी पद्धत बरोबर होती का, तेच मला माहीत नाही. साहेब म्हणाले मरेल, मी म्हणालो टिकेल. खरं काय ते त्या बाटल्यांत आहे. तुझ्याकडची आहे ना?"

"आहे म्हणजे? चकाचक आहे!"

शनिवारी सकाळी त्याला कापूरहोळला एसटीतून उतरवून घेतलं. घरी आलो, चप्पल काढता काढता त्याची नजर शोकेसकडे गेली आणि तो एका पायावर थांबला.

"उभी?"

"म्हणजे?"

"तेरा वर्षं उभी ठेवलीस?"

"मग काय झोपवायची?"

"हो," धाकटा म्हणाला.

वाइनची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच आतून ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. अंधारात ठेवायची. गारव्यात ठेवायची. यातलं काहीही मी केलं नव्हतं. उलट दर रविवारी तिला नीट उजेडाकडे तोंड करून ठेवत होतो. त्यानं स्क्रू लावला तसं बुचाचं पीठ झालं. ग्लासात आलं ते चहाच्या चोथ्याच्या रंगाचं पाणी आणि वास सरळ शिरक्याचा, डोळ्यांत पाणी आणणारा.

"अहो, तुम्ही पुसत होता ना दर रविवारी?" बायको म्हणाली. नवऱ्याला कधी काय विचारावं याची तिला जन्मजात जाण आहे.

धाकटा चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त ग्लास खाली ठेवला. "म्हणजे साहेब बरोबर होते."

"साहेब कसले बरोबर? मी मारली तिला!"

"तू मारलीस की ती आधीच मेली होती, हे आता कसं कळणार?"

बायको बेसिनपाशी ग्लास धूत होती, तिथूनच म्हणाली, "आक्कांकडे एक दिली होती ना?"

मी लगेच फोन लावला. "आक्का, ती बाटली आहे का गं तुझ्याकडे? धाकट्यानं दिलेली?"

पलीकडून आक्का मोठ्यानं म्हणाली, "कंची बाटली? आमच्यात न्हाई बाई बाटलीबिटली!" आणि फोन बंद.

"गेली," मी म्हणालो.

"काही गेली नाही," बायको म्हणाली. "दाजी शेजारी बसले असतील."

हे समजायला आमच्या दाजींविषयी एवढं सांगायला हवं, की ते एके काळी घ्यायचे. चांगलं घ्यायचे. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी उठून त्यांनी सोडली, ती सोडलीच. पण बाटली आक्काकडे गेली तेव्हा ते ऐन भरात होते.

रविवारी मी आणि धाकटा स्कूटरवरून हिर्डोशीला निघालो. वरंध्याच्या रस्त्याला लागलो, धाकटा मागे बसलेला. धरणाचं पाणी एका अंगाला, शेतांत भाताच्या पेंढ्याच्या वळया रचलेल्या. मी मनात आक्काच्या घरातल्या जागा चाळत होतो. पत्र्याखालचा माळा? तापून गेली असेल. चुलीमागची फळी? मग तर देवच सांभाळो.

आक्का दारातच होती. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि डोळ्यांनी आत बघायला सांगितलं. आत, भाताच्या कणगीशेजारच्या काळोख्या कोपऱ्यात, दाजी बसले होते.

त्या कोपऱ्यात एक रांजण आहे. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. कधी काळी पाण्याचा होता, मग तडा गेला, आक्कानं त्यात भाताचं तूस भरून वर फळी टाकली. हीच दाजींची बसायची जागा. सकाळची बिडी तिथं, दाढी तिथं, चपलेचा अंगठा शिवायचा तो तिथं.

"उठा जरा," आक्का म्हणाली.

"का?"

"उठा म्हन्ते ना."

"पाव्हणं आल्यात, बसू दे की बोलत."

"पाव्हणं त्यासाठीच आल्यात."

दाजी उठले. आक्कानं फळी सरकवली, तुसात खांद्यापर्यंत हात घातला आणि चाचपडत, वासराला बाहेर घेताना जपावं तशी, बाटली वर काढली. आडवी होती. काचेला तूस चिकटलेलं, पण काच हाताला गार लागली. मडक्याच्या पाण्यासारखी गार.

दाजी बाटलीकडे बघत राहिले. मग फळीकडे. मग आक्काकडे.

"तेरा वर्सं म्या हिच्यावर बसून बिड्या वढल्या?"

"व्हय."

"आन मला पत्ता न्हाई?"

"सगळं घर हुडकत व्हता तुमी तवा. बसायची जागा सोडून," आक्का म्हणाली.

आम्हा भावांना कुठं बघावं कळेना. दाजीच हसले. पण मग हळू आवाजात म्हणाले, "बरं केलंस. तवा घावली असती तर सकाळपातूर ऱ्हायली नसती."

धाकट्यानं रुमालात गुंडाळून एक काचेचा ग्लास आणला होता. आम्ही ओटीवर उजेडाला बसलो. त्यानं स्क्रू फिरवला. मी श्वास धरला होता, आणि खरं सांगतो, दहावीच्या निकालालाही धरला नव्हता. बूच अख्खं बाहेर आलं. खालचं टोक ओलं, काळंभोर.

त्यानं अगदी सावकाश ओतली. तळाला, तपकिरी चिखलासारखा, गाळ बसला होता. तो हलू दिला नाही. आणि ग्लासात आली ती मला ओळखूच येईना. गच्चीवरची ती जांभळी, अंगावर धावून येणारी बाई कुठं गेली? ही जुन्या कौलाच्या रंगाची होती. मध्ये गडद, कडेला फिकी, विटकरी, उन्हात धरली की पलीकडचा डोंगर दिसावा इतकी स्वच्छ.

धाकटा हुंगून थांबला. प्यायला नाही. ग्लास आक्कापुढे धरला.

"म्या न्हाई बाई."

"पिऊ नको. वास घे नुसता."

आक्कानं पदर सावरून नाक लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. "करवंदीच्या जाळीखाली माती आसती बग," ती म्हणाली. "पाला कुजून मऊ झालेली. तिचा वास येतुया. आन सुक्या आमसुलाचा."

दाजींनी हात पुढे केला. आक्काची नजर त्या हातावर गेली आणि तिथंच राहिली. दाजींनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले. "माज्या आज्याची तंबाखूची चंची," ते म्हणाले. "चामड्याची. म्या एवढासा आसताना तिच्यात नाक घालायचो." आणि थेंबही न घेता ग्लास माझ्याकडे दिला. आक्कानं नजर काढून घेतली.

मी प्यालो. सोडा नव्हता, त्यामुळे माझं काही चाललं नाही. हिरडा येईल म्हणून गाल आधीच आवळून धरले होते, आणि तो आला नाही. मऊ काहीतरी जिभेवरून गेलं. गिळल्यावरही ते थांबून राहिलं, दूर गेलेल्या माणसाचा आवाज दरीत ऐकू येत राहावा तसं. मी बडबड्या माणूस, पण त्या वेळी मला एक शब्द सुचला नाही. बायको तिथं नव्हती याचं वाईट वाटलं. तिला ते एकदा बघायचं आहे.

"तुरटपणा गेला कुठं?" शेवटी मी विचारलं.

"कुठं नाही," धाकटा म्हणाला. त्यानं बाटलीच्या तळाकडे बोट केलं. "तो एकमेकांत गुंतत जातो, जड होतो आणि खाली बसतो. तो होता म्हणून ती इतकी वर्षं तगली. आणि तगली म्हणून तो खाली बसला."

"पन केलं कुनी ह्ये?" दाजी म्हणाले. "बूच बंद. आत कोन गेलं न्हाई, भाएर कोन आलं न्हाई."

"आता तांदळाचं कोन करतं?" आक्का म्हणाली. "नव्या तांदळाचा भात गिच्च गोळा व्हतो, पोटाला जड. त्योच वरीसभर ठिवा, शीत न शीत मोकळं. त्येला कोन हात लावतं का?"

मी हा भात जन्मभर खात आलोय. आंबेमोहोर नवा की जुना, हे मला डोळे मिटून कळतं. आणि तरी त्या दुपारी ओटीवर बसून मला पहिल्यांदाच ते अचाट वाटलं. मातीच्या घरातल्या अंधारात, कणगीत तांदूळ आणि रांजणात द्राक्षाचा रस, कुणाला न विचारता आपापलं काम करत पडून होते. वर एक माणूस बिड्या ओढत बसला होता, आणि कधीतरी त्यानं दारू सोडली होती, त्याच फळीवर.

पाऊण तासानं ग्लास पुन्हा हुंगला तर करवंदीची माती मागे सरली होती आणि कुठून तरी सुकलेल्या गुलाबाचा वास येत होता. म्हणजे अजून तिचं काम चालूच होतं.

धाकट्यानं सगळ्यांत शेवटी घोट घेतला. मग उठून अंगणात गेला आणि पेंढ्याच्या वळईकडे तोंड करून उभा राहिला. मी मागे गेलो. त्याचे डोळे भरले होते.

"मी हिरडा केला होता रे दादा," तो म्हणाला. "एवढंच केलं होतं मी. हे मी नाही केलं."

"पण टिकेल असं तू म्हणाला होतास."

"हो," तो म्हणाला. डोळे पुसून पुन्हा, "हो. म्हणालो होतो."

मग त्यानं खिशातून मोबाईल काढला. आक्काच्या घरात त्याच्या सिमला रेंज नसते. वरच्या वळणावर, रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर चढून उभं राहिलं तर दोन काड्या येतात. तो चढण चढून गेला. आम्ही तिघं ओटीवरून बघत होतो. एवढ्या लांबून ऐकू काहीच आलं नाही. पण तो बोलताना मोकळा हात हवेत करत होता, समोरच्याला काहीतरी मोठ्या आकाराचं दाखवावं तसा. गेल्या तेरा वर्षांत मी त्याला असा हात करून बोलताना पाहिलं नव्हतं.

खाली आला तेव्हा धापा टाकत होता. "आक्का, फेब्रुवारीत द्राक्षं येतील. या वेळी तीन बाटल्या तुझ्याकडे ठेवायच्या. दहा वर्षं तरी उघडायच्या नाहीत."

"तिन्ही?" मी विचारलं. "आणि मला?"

"तू शोकेसमध्ये बगळे ठेव," धाकटा म्हणाला.

आक्का दाजींकडे बघत होती. दाजी आत गेले, रांजणातलं तूस हातानं सारखं केलं, मधोमध तीन आडव्या बाटल्या बसतील एवढा खड्डा केला, फळी जागेवर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"ह्या टायमाला सांगून ठेव," ते आक्काला म्हणाले. "म्या हितंच आसतो. राखन व्हईल."

चुलीवर भात उतू चालला होता, आक्का तिकडे गेली. जुन्या तांदळाचा होता. वास ओटीपर्यंत आला.