निवळी घासलेलं पाणी

सरांची नळी तिसऱ्यांदा तुंबली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. चष्म्याची काडी मोडली. नळी तुंबलेलीच राहिली.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. गडचिरोलीच्या एका कॉलेजात मी लॅब अटेंडंट होते. शिक्षण चौथी. सर पुण्याहून फायबरचं यंत्र घेऊन आले होते. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची नळी, आतून पोकळ. तिच्यात पाण्याचा थेंब भरायचा आणि एका टोकाने उजेड सोडायचा. आतल्या लेपाला जंतू चिकटले की दुसऱ्या टोकाला येणारा उजेड बदलतो, कॉम्प्युटरवर रेघ चढते. त्याच नळीत निळा रंग भरून सर नुसत्या उजेडाने तो घालवूनही दाखवत. ते मात्र बघण्यासारखं होतं.

नमुने भामरागडकडच्या एका गावातल्या विहिरीचे होते. पाणी चहासारखं. दुसऱ्या दिवशी नागपूरहून आरोग्य खात्याचे साहेब येणार होते. पाणी खराब निघालं, तर पावसाने रस्ता बंद व्हायच्या आत तिथे ब्लीचिंग पावडर पाठवायची होती.

"गाळ आहे बाई, गाळ! त्यानेच अडतंय सगळं," सर म्हणाले आणि चष्मा दुरुस्त करायला गेले.

गाळाला आमच्याकडे निवळीचं बी असतं. भांड्याला आतून घासायचं, पाणी ओतायचं, गाळ खाली बसतो. मी पाच बाटल्यांचं पाणी तसं निवळलं आणि वरचं पाणी धुतलेल्या बाटल्यांत भरलं. सहाव्या बाटलीला बी पुरलं नाही.

सकाळी साहेबांसमोर नळी एकदाही अडली नाही. रेघ जागची हलली नाही. सर इतके खूश, की पाण्याचा चहासारखा रंग गेलाय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"पाणी चांगलं आहे, साहेब. पावडर नको," सर म्हणाले.

साहेबांनी पेन उघडलं. तिथली माणसं तेच पाणी पिणार होती, मला गप्प बसवेना.

"साहेब, लिहू नका. ते पानी मी साफ केलं."

"कशाने?"

"निवळी घासली. सरच म्हणून राह्यले होते, गाळानं अडते."

सरांचा चेहरा पडला. "बाई, गाळाबरोबर जंतूही खाली बसले! मला सांगितलं काऊन नाही?" रागात पुण्याचं माणूस आमचं बोलायला लागलं.

"तुम्ही विचारलं काऊन नाई?"

साहेब हसू दाबत म्हणाले, "बाई, न निवळलेली एखादी बाटली उरलीय का?"

मी सहावी बाटली दिली. सरांनी ती बारीक गाळणीतून गाळली. गाळणीत गाळ अडकतो, जंतू पार होतात, हे मला तेव्हा कळलं. थेंब नळीत गेला आणि रेघ अशी चढली की कॉम्प्युटरचा पडदा संपला.

"यंत्र चालतं तर!" साहेब म्हणाले. पावडर त्याच आठवड्यात गेली. पाऊस नंतर आला.

यंत्राला जे पाजाल तेच ते सांगतं. म्हणून आधी पाजणाऱ्याला विचारावं. सरांनी यातून वेगळाच धडा घेतला. नमुन्यांच्या फ्रिजला कुलूप घातलं. चावी दोन दिवसांत हरवली. दुसरी केली, ती त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली.